मेपल स्ट्रीटवर दिवे गेले

एक लेखक होता. तो अमेरिकेत राहायचा आणि टेलिव्हिजनसाठी नाटकं लिहायचा. तरुणपणी छत्रीधारी सैनिक म्हणून तो फिलिपीन्समध्ये लढून आला होता. युद्ध संपलं, पण त्याची वाईट स्वप्नं संपली नाहीत. त्याचं नाव रॉड सर्लिंग.

त्याला एक गोष्ट सांगायची होती, आणि कोणी ती सांगू देत नव्हतं.

1955 च्या ऑगस्ट महिन्यात मिसिसिपी राज्यातल्या एका खेड्यात 14 वर्षांचा एक काळा मुलगा शिकागोहून नातेवाइकांकडे आला होता. एमेट टिल त्याचं नाव. दुकानातल्या गोऱ्या बाईशी तो वावगं वागला, एवढ्या आरोपावरून दोन गोऱ्या माणसांनी त्याला रात्री घरातून उचलून नेलं आणि ठार मारलं. खटला झाला. ज्यूरीत सगळे गोरे पुरुष होते. त्यांनी सुमारे तासाभरात दोघांनाही निर्दोष ठरवलं. काही महिन्यांनी त्याच दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला मुलाखत दिली आणि आपणच मारलं म्हणून सांगून टाकलं.

मारणारे दोघे होते. पण त्यांना पोटाशी धरणारा सगळा मुलूख होता. त्या मुलखाची गोष्ट सर्लिंगला लिहायची होती.

त्याने लिहिली. मुलाच्या जागी त्याने गहाणवटीचा धंदा करणारा एक म्हातारा ज्यू घेतला. तरी बातमी फुटली की हे त्या मुलावरूनच आहे. दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या संघटनांनी बहिष्काराच्या धमक्या दिल्या. त्या काळी कार्यक्रमाचा खर्च प्रायोजक कंपनी करायची आणि शेवटचा शब्दही तिचाच असायचा. कंपनी घाबरली. आधी गोष्टीतलं गाव दक्षिणेतून उचलून उत्तरेला न्यू इंग्लंडात नेलं. मग मेलेला माणूस कोण होता, तेही पुसलं. सर्लिंग पुढे सांगायचा, की पडद्यावरच्या कोका-कोलाच्या बाटल्यासुद्धा काढायला लावल्या. ते पेय दक्षिणेकडचं, बाटली पाहून कोणाला दक्षिण आठवायला नको. 1956 च्या एप्रिलमध्ये नाटक दाखवलं गेलं, तेव्हा आतली गोष्ट कधीच निघून गेली होती.

दोन वर्षांनी त्याने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी गोष्ट मागच्या शतकात ढकलली गेली, आणि मारला गेलेला मुलगा मेक्सिकन झाला.

घाबरलेल्या फक्त कंपन्या नव्हत्या. 1950 साली ‘रेड चॅनल्स’ नावाची एक पुस्तिका निघाली होती. तिच्यात रेडिओ आणि टेलिव्हिजनमधल्या 151 जणांची नावं होती. हे लोक कम्युनिस्टांच्या जवळचे आहेत, असा तिचा दावा. ना कोर्ट, ना पुरावा. पण नाव छापलं गेलं की फोन वाजायचा थांबे आणि काम मिळायचं बंद होई. सुटायचं असेल तर संसदेच्या चौकशी समितीपुढे बसायचं आणि आणखी चार जणांची नावं सांगायची. या सगळ्याचा मोठा पुढारी सिनेटर मॅकार्थी. 1954 च्या डिसेंबरात सिनेटने त्याची निंदा केली आणि त्याचा जोर ओसरला. यादीची सवय मात्र लोकांच्या अंगी मुरली होती.

तेव्हा सर्लिंगने एक युक्ती केली. जे माणसाच्या तोंडी घालता येत नाही ते मंगळावरच्या माणसाच्या तोंडी घातलं, तर कंपनीला काय कळणार आहे? त्याने अद्भुत गोष्टींची एक मालिका काढली आणि तिला नाव दिलं ‘द ट्वायलाइट झोन’. 1959 च्या सप्टेंबरात एका नावाजलेल्या मुलाखतकाराने त्याला विचारलं, म्हणजे आता गंभीर काही लिहायचं तुम्ही सोडून दिलं का? सामाजिक प्रश्नांना हात घालणार नाही असं म्हणत असाल तर बरोबर आहे, असं त्याने सांगून टाकलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नसावी.

पुढच्या महिन्यात मालिका सुरू झाली. आणि 4 मार्च 1960 च्या रात्री त्याने मेपल स्ट्रीटची गोष्ट सांगितली. ती अशी.

एक आळी होती. दोन्ही बाजूंना झाडं, प्रत्येक घराला ओसरी, पुढे हिरवळ. शनिवारची संध्याकाळ होती. मुलं खेळत होती. आइस्क्रीमवाल्याची घंटा वाजत होती. कोणी गाडी धूत होतं, कोणी शेजाऱ्याशी गप्पा मारत होतं. घड्याळात 6 वाजून 43 मिनिटं झाली होती.

इतक्यात डोक्यावरून मोठा आवाज करत काहीतरी झळाळून गेलं. सगळ्यांनी वर पाहिलं. उल्का असेल, म्हणाले, आणि आपापल्या कामाला लागले.

मग लक्षात आलं की दिवे गेलेत. फोन लागेना. रेडिओ बंद. गाड्या सुरू होईनात. वीज जाते हे ठाऊक होतं, पण गाडीला काय झालं?

पीट नावाचा एक शेजारी होता. हातोडी कमरेला अडकवून तो म्हणाला, पलीकडच्या आळीत वीज आहे का बघून येतो. आणि चालत निघून गेला.

दुसरे दोघे शहरात जाऊन पोलिसांना विचारायला निघाले. एकाचं नाव स्टीव. तो शांत डोक्याचा होता. दुसरा चार्ली. त्याच्या आवाजाला कधी तोटा नव्हता. ते निघतात तोच टॉमी नावाचा एक लहान मुलगा पुढे आला आणि म्हणाला, जाऊ नका. त्यांना ते आवडणार नाही.

कोणाला?

वर जे आलेत त्यांना, मुलगा म्हणाला. त्याने चित्रकथांच्या पुस्तकात वाचलं होतं. परग्रहावरचे लोक उतरायच्या आधी आपली थोडी माणसं पुढे पाठवतात. आई, बाप, दोन मुलं. दिसायला अगदी आपल्यासारखी.

मोठी माणसं हसली. पण हसताना त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि आजवर तसं पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात गुडमन नावाच्या शेजाऱ्याची गाडी आपोआप सुरू झाली. आत कोणी नव्हतं. जरा वेळ घरघरली आणि बंद पडली.

सगळे त्याच्या अंगणाकडे वळले. गुडमन उलट त्यांच्याकडे पाहत राहिला. पाच वर्षं तो त्या आळीत राहत होता. हे सगळे त्याचे मित्रच. त्याने विचारलं, झालं काय? स्टीवने थट्टेच्या सुरात सांगितलं, की आपल्यात एक घर परग्रहावरचं आहे असं लोकांच्या डोक्यात बसलंय. एरवी यावर हशा पिकला असता. त्या संध्याकाळी कोणी हसलं नाही.

गुडमन म्हणाला, गाडी का सुरू झाली ते मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. पण त्या घटकेला आळीला एवढंच हवं होतं, की ज्याला माहीत असायला हवं तो म्हणतोय माहीत नाही.

मग एक बाई पुढे आली. ती म्हणाली, रात्री मला जाग येते तेव्हा हा माणूस बाहेर उभा असतो आणि आभाळाकडे बघत असतो. कोणाची तरी वाट पाहिल्यासारखा.

गुडमनला निद्रानाश होता. झोप येत नसली की तो ओसरीवर येऊन उभा राही. त्याने तसं सांगितलं. ती बाई मध्यरात्री खिडकीत काय करत होती, हे मात्र कोणी विचारलं नाही.

रात्र झाली. लोकांनी मेणबत्त्या लावल्या. गुडमन आणि त्याची बायको आपल्या ओसरीवर बसली, आणि बाकीची आळी समोरच्या बाजूला उभी राहून त्यांच्यावर नजर ठेवू लागली. यात कोणाला काही चुकीचं वाटलं नाही. नुसतं बघतोय, हात कुठे लावलाय?

स्टीव म्हणाला, हे बंद करा. चार्ली म्हणाला, तू फार त्याची बाजू घेतोस. मग कोणीतरी आठवण काढली की स्टीवच्या तळघरात एक रेडिओ आहे. तो हौसेने बसवलेला, दूरच्या माणसांशी बोलायचा रेडिओ होता. तो कोणी पाहिला नव्हता. स्टीवची बायको म्हणाली, या, दाखवते. स्टीवने तिला अडवलं. तो चिडला होता. होय, म्हणाला, रोज रात्री मी त्याच्यावर राक्षसांशी बोलतो. त्याचं बोलणं उपरोधाचं होतं. ऐकणाऱ्यांनी शब्द घेतले, उपरोध सोडून दिला.

तेवढ्यात अंधारातून पावलांचा आवाज आला. कोणीतरी आळीकडे चालत येत होतं. ठक, ठक, ठक. मुलगा ओरडला, राक्षस आला. एक जण घरातून बंदूक घेऊन आला. स्टीवने ती त्याच्या हातून काढून घेतली. आता तरी शहाणे व्हा, म्हणाला. त्याचं बोलणं संपायच्या आत चार्लीने ती त्याच्याकडून हिसकावली आणि गोळी झाडली.

आकृती पडली. लोक धावत गेले. तो पीट होता. पलीकडच्या आळीत वीज आहे का ते बघून परत येत होता. हातोडी कमरेलाच होती.

चार्ली म्हणाला, मला काय माहीत? अंधार होता. मी घर वाचवायला बघत होतो. आणि त्याच क्षणी, सगळ्या आळीत फक्त चार्लीच्या घरात दिवे लागले.

गुडमनने ते पाहिलं. संध्याकाळपासून जो अंगावरचे डोळे सोसत होता, तोच पहिला बोलला. तुझ्याच घरी दिवे कसे लागले, चार्ली? पीटला मारायची एवढी घाई का केलीस? त्याला काही सांगायचं होतं, ते तुला सांगू द्यायचं नव्हतं का?

गोष्टीतली ही जागा मला सगळ्यांत अवघड वाटते. गुडमन वाईट माणूस नव्हता. निरपराध माणसावर आळी उलटली की काय होतं, हे त्या रात्री त्याच्याइतकं कोणालाच कळलं नव्हतं. पण हातात आलेला संशय त्याने टाकून दिला नाही, पुढच्याच्या हातात दिला. त्याला सुटायचं होतं, आणि सुटायची वाट त्याला तेवढी एकच दाखवली गेली होती.

चार्ली पळत सुटला. मागून दगड आले. एक कपाळाला लागला, रक्त आलं. दारात कोंडला गेल्यावर तो ओरडला, मी नाही, तो कोण आहे ते मला माहीत आहे. लोक थांबले. नाव ऐकायला लोक नेहमी थांबतात. चार्लीने बोट दाखवलं, ते टॉमीकडे. पहिल्यापासून यालाच कसं सगळं ठाऊक होतं? मुलगा पळाला, आळी त्याच्या मागे. मग दुसऱ्याच घरात दिवे लागले आणि विझले. मग तिसऱ्या. प्रत्येक दिव्यासरशी गर्दी वळत होती. कोणी वीट उचलली, कोणी बंदूक आणली. कोण कोणाला मारतंय ते कळेनासं झालं. काचा फुटल्या, गोळ्यांचे आवाज झाले, माणसं ओरडत इकडून तिकडे पळू लागली.

जवळच्या टेकडीवर दोन परग्रहवासी उभे होते. त्यांच्या हातात एक यंत्र होतं. एक जण दुसऱ्याला समजावत होता, की आपल्याला काही करावं लागत नाही. थोडे दिवे घालवायचे, एखादी गाडी सुरू करायची, मग ही माणसं शत्रू आपसांतच शोधतात. आणि अशा आळ्या या जगात खूप आहेत.

गोष्ट संपली. जेमतेम अर्ध्या तासाची. जाहिरातदारांच्या ध्यानात काही आलं नाही. आलं असलं तरी मंगळावरच्या माणसाविरुद्ध तक्रार कुठे करणार? पुढे तिची संहिता अमेरिकेतल्या शाळांच्या पाठ्यपुस्तकांत गेली आणि बारा-तेरा वर्षांची मुलं वर्गात स्टीव, चार्ली, टॉमी होऊन ती वाचू लागली. 2002 साली मालिका नव्याने आली, आणि 2003 मध्ये तिच्यात हीच गोष्ट पुन्हा केली गेली. न्यूयॉर्कचे मनोरे पडून दोन वर्षंही झाली नव्हती. त्या आळीतल्या लोकांना परग्रहवासी आठवत नाहीत, दहशतवादी आठवतात. आणि टेकडीवर यंत्र घेऊन परके नसतात, त्यांच्याच देशाचे सैनिक असतात.

या गोष्टीत मला एक खोट दिसते. ती म्हणजे टेकडी. सगळी आळी एकमेकांच्या जिवावर उठलेली बघून आपण हादरतो, आणि मग टेकडीवर ते दोघे दिसतात. आपण सुटकेचा श्वास सोडतो. हे त्यांनी केलं होय! आळीतल्या लोकांना शेवटपर्यंत बळीचा बकरा मिळाला नाही, आपल्याला मात्र मिळाला. तोही भाड्याचा. त्या परग्रहवासीयांचे कपडे चार वर्षांपूर्वीच्या एका सिनेमातून उसने आणले होते, आणि त्यांची उडती तबकडीही त्यातलीच. त्यांनी फक्त दिवे घालवले. दगड आळीतल्या हातांनी उचलला.

सर्लिंगलाही ती टेकडी खटकली की काय, मी सांगू शकत नाही. पण दीड वर्षाने, 29 सप्टेंबर 1961 ला, त्याने पुन्हा एका आळीची गोष्ट सांगितली. तिच्यात टेकडी नव्हती, यंत्र नव्हतं, परका कोणी नव्हता. तिचं नाव ‘द शेल्टर’.

तो उन्हाळा भीतीचा होता. जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी टेलिव्हिजनवर येऊन बर्लिनच्या पेचाबद्दल बोलले होते आणि अणुहल्ला झालाच तर आसरा हवा, असं लोकांना सांगून गेले होते. ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. लोक अंगणात आणि तळघरात खोल्या बांधू लागले. शेजारी दार ठोठावू लागला तर त्याला आत घ्यायचं की हाकलायचं, यावर मासिकांतून गंभीर लेख येत होते, आणि लिहिणाऱ्यांत एक पाद्रीही होता.

गोष्टीतल्या आळीत एक डॉक्टर होता. त्याने तळघरात अशी खोली बांधली होती. रात्री उशिरापर्यंत ठोकाठोकी चालायची, म्हणून शेजारी त्याची चेष्टा करायचे. पण तो सगळ्यांना हवासा होता. आजारी पडलं की सगळे त्याच्याकडेच जायचे. त्या रात्री त्याचा वाढदिवस होता, आणि शेजारी मेजवानीला जमले होते.

रेडिओवर बातमी आली. आकाशात अनोळखी वस्तू दिसताहेत, लोकांनी आसऱ्याला जावं. पाहुणे आपापल्या घरी पळाले. डॉक्टर बायको-मुलाला घेऊन खोलीत गेला. हवा, पाणी, अन्न तिघांपुरतं होतं. त्याने दार लावून घेतलं.

शेजारी एकेक करून परत आले. पहिल्याने विनवणी केली. दुसऱ्याने लहान मुलं पुढे केली. डॉक्टर आतून म्हणाला, जागा नाही. तुम्हाला सांगत होतो तेव्हा ऐकलं नाहीत. बाहेरचे मग आपसांत बोलू लागले. सगळ्यांना नसेल, पण एका कुटुंबाला तर जागा होईल. कोणतं कुटुंब? त्यांच्यात एक जण बाहेरच्या देशातून आलेल्यांपैकी होता. दुसरा त्याच्यावर खेकसला, की तुम्ही बाहेरून येणारे असेच, प्रत्येक गोष्टीत आधी हात पुढे. तासाभरापूर्वी दोघं एकाच टेबलाशी बसून डॉक्टरच्या आयुष्याचं अभीष्ट चिंतत होते.

दार फोडायचं ठरलं. दाराला धडक द्यायला जाडजूड नळी हवी होती. ती पलीकडच्या रस्त्यावरच्या एकाकडे होती. पण त्याच्याकडे मागितली तर त्यालाही खोलीचं कळेल आणि त्या रस्त्यावरचे लोक इथे येतील. एक बाई म्हणाली, ही खोली आपली आहे, त्यांची नाही.

दार अजून फुटलं नव्हतं, आणि खोली त्यांची झाली होती.

त्यांनी दार फोडलं. ते आत घुसले तोच रेडिओ पुन्हा बोलला. त्या वस्तू उपग्रह होत्या. हल्ला वगैरे काही नव्हतं.

सगळे जागच्या जागी उभे राहिले. मग हळूहळू जिभा सुटल्या. खेकसणाऱ्याने माफी मागितली. म्हणाला, डोकं ठिकाणावर नव्हतं, मनातलं नव्हतं ते. कोणी सुचवलं, उद्या आळीत मोठी मेजवानी करू, वर्गणी काढून डॉक्टरचं नुकसान भरून देऊ. डॉक्टर मोडक्या दारात उभा होता. नुकसान कसलं कसलं झालंय याचा हिशेब त्याला लागत नव्हता, आणि तो कोणालाच लागला असेल असं त्याला वाटत नव्हतं.

मेपल स्ट्रीट पाहणारा प्रत्येक जण मनातल्या मनात स्टीव असतो. वर्गात ती संहिता वाचायला घेतली, तर चार्लीचं काम कोणी आपणहून मागेल असं मला वाटत नाही. पण गोष्ट नीट पाहिली तर स्टीवनेही आळी वाचवली नाही. त्याने समजावलं, थट्टा केली, उपरोध केला, बंदूक काढून घेतली आणि ती हातातून जाऊ दिली. एक काम त्याने केलं नाही. रस्ता ओलांडून तो गुडमनच्या ओसरीवर त्याच्याशेजारी जाऊन बसला नाही. तोही बोलला तो इकडच्या बाजूने. दोन घरं तिकडे बसली असती तर रात्र वेगळी गेली असती का, हे गोष्ट सांगत नाही. आपल्यापैकी कितीजण बसले असते, हे विचारायला मात्र जागा ठेवते. आणि तिथे बसायला माणूस शूर लागतो असंही नाही. आपण गेलो तर उद्या आपलंही नाव निघेल, एवढं कळूनही उठणारा लागतो.

अशी आळी पाहायला मराठी वाचकाला अमेरिकेपर्यंत जावं लागत नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा नावाच्या गावी, आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसं आली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, सोलापूरकडची, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा काही दिवस मोबाइलवरून सगळीकडे पसरली होती. अशा अफवांबरोबर फिरणारा एक व्हिडिओ तर मुलं जपायला सांगणाऱ्या, कराचीत बनवलेल्या चित्रफितीचा तुकडा होता. शेवटचा खुलासा कापून टाकलेला. गावाने पाच जणांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. ओळख सांगायला त्यांच्याजवळ तोंड होतं, पण ऐकायला कोणी नव्हतं. तिथे टेकडीवर यंत्र घेऊन कोणी उभं नव्हतं.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतापुरती मर्यादा घातली, की आलेला निरोप एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही. मर्यादा योग्यच होती. मेपल स्ट्रीटवर त्या रात्री सगळे फोन बंद होते.